बिननावाची जास्वंद

"खड्डा कशाला घेतीयास?"

अण्णा बांधावर उभे होते. डोक्याला मुंडासं नाही, पायांत वहाणा नाहीत, म्हणजे घरातून तसेच उठून आले होते. मी कुदळ काही थांबवली नाही.

"जास्वंद लावायचीय."

"कंची?"

"कंची म्हणजे? यांची. डब्यातली."

अण्णा बांध उतरून खाली आले आणि खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले. थोडा वेळ माती चिमटीत धरून चुरत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ती डब्यात बरी हाय. राहू दे तितंच."

आता मात्र माझा हात थांबला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं. पण अण्णांनी हे म्हणावं?

अण्णा माझे सासरे. आमची नर्सरी सोलापूर रस्त्याला, उरुळीच्या अलीकडे. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नर्सऱ्यांची रांगच लागलीय, पण अण्णांनी पहिला वाफा घातला तेव्हा तिथं नुसता माळ होता. त्यांना वेड जास्वंदीचं. या फुलातलं केसर त्या फुलाला लावायचं, बी धरायचं, बियांतून नवी झाडं करायची आणि प्रत्येकीला कसलं फूल येतं याची वाट बघत बसायचं. बहुतेक झाडं बिनकामाची निघायची. एखादीच जीव लावण्यासारखी. आणि तशी निघाली तरी अण्णांचा कायदा होता. झाड डब्यात नाहीतर कुंडीत असेपर्यंत त्याला नाव ठेवायचं नाही. जमिनीत लावायचं, तिन्ही ऋतू त्याच्यावरून जाऊ द्यायचे, तेवढ्या वर्षात त्याला हत्यार लावायचं नाही. ते आपल्या मनानं किती वाढतंय, कसं पसरतंय ते बघायचं आणि मग त्याचं बारसं. बारसं म्हणजे काय, झाडाजवळ उभं राहून नाव मोठ्यानं पुकारायचं, पत्र्याच्या पट्टीवर रंगवून फांदीला अडकवायचं आणि घरात गोडाधोडाचं करायचं. 'गौराई', 'सांजवात', 'पाटलीण' ही सगळी आमच्याकडची नावं. पाटलीण नाव का, तर फूल एवढं जड की मान वर करत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. झाडांची कसली बारशी करता म्हणून मी यांना, माझ्या नवऱ्याला, चिडवायची.

तर ज्या माणसानं हा कायदा घातला तोच माणूस आता म्हणत होता की राहू दे डब्यात.

"अण्णा, जमिनीत गेल्याबिगर नाव नाही, हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"सांगतो."

"मग?"

अण्णांनी हातातली माती टाकली. "आन मोठं झालं तर?"

तो प्रश्न माझ्याही पोटात होताच.

झालं होतं असं. आमच्या आजूबाजूच्या नर्सऱ्यांत तेव्हा नवं फॅड आलं होतं. गुडघ्याएवढ्या जास्वंदी, पानं दिसू नयेत इतक्या फुलांनी लगडलेल्या. गिऱ्हाईक गाडी थांबवून उचलून न्यायचं. त्यात जात वगैरे काही वेगळी नव्हती. वाढ रोखायचं एक औषध मिळतं, ते पाण्यातून घालायचं. झाड आखडून बसतं, पेरं आखूड होतात, पानं लहान आणि गडद होतात. औषधाचा जोर आहे तोवर ठीक. तो ओसरला की झाड आपल्या मूळच्या अंगावर जातं. तोवर गिऱ्हाईक आपल्या घरी आणि आपण आपल्या घरी.

यांनी एका हंगामात तसली रोपं केली. अण्णांना न विचारता. पुढं एके दिवशी हडपसरचे एक रिटायर गुरुजी रिक्षातून उतरले. खिडकीखाली लावायला बुटकी म्हणून नेलेल्या जास्वंदीनं त्यांची अख्खी खिडकी झाकून टाकली होती. भांडायला आले नव्हते बिचारे, फक्त विचारायला आले होते की माझं काही चुकलं का. अण्णांनी त्यांना चहा पाजला, हात जोडले. गुरुजी गेल्यावर ते उरलेल्या रोपांच्या रांगेत शिरले आणि एकेक पिशवी उचलून बांधापलीकडं फेकायला लागले.

कामावरची माणसं बघत राहिली. हे धावत आले. "अण्णा, सगळी दुनिया करतीय!"

"दुनियेनं करावं. माझ्या वाफ्यात लबाड नको."

"लबाड?" यांचा चेहरा पडला. "मला लबाड म्हणता?"

"झाडाला खोटं बोलायला लावतोस, मग दुसरं काय म्हणू?"

हे मग म्हणाले, "औषधाचा थेंब न घालता बुटकी जास्वंद काढून दाखवतो. जमिनीत लावा आणि बघा स्वतः. तोवर माझ्याशी बोलू नका."

आणि अण्णा खरंच बोलले नाहीत. बापलेक दोघंही एका मातीचे, वाकायचं म्हणून नाही. आधी जेवणवेळ झाली की अण्णा बांधावर उभे राहून यांना नावानं हाळी द्यायचे, ती पार हायवेच्या पलीकडं ऐकू जायची. लहानपणापासूनची ती सवय. माझ्या लग्नानंतरही लेकाला 'मीच बोलावणार' असा त्यांचा हट्ट. ती हाळी बंद झाली. मुलाचं नावच त्यांनी तोंडातून काढून टाकलं. माझ्याशी बोलताना 'तुझा नवरा' म्हणायचे. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं मोटार बंद कर." हे तिथंच उभे असायचे. मला एकदा असा राग आला, मी म्हटलं, मी काय टपाल आहे का? दोघंही गालातल्या गालात हसले, पण एकमेकांकडं बघितलं नाही.

यांनी बिया धरल्या, रोपं केली. जागा नव्हती म्हणून बरीचशी गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यांत लावली. त्यातली एक तशी निघाली. गुडघ्याच्या वर जाईना आणि फुलायची थांबेना. रंग म्हणजे पिकलेल्या पपईच्या गरासारखा आणि मधे कुंकवाच्या टिकलीएवढा गडद ठिपका. हे वेडे झाले होते. तो डबा त्यांनी उचलून दाराच्या पायरीशी, अण्णांच्या रोजच्या वाटेवर ठेवला. अण्णा रोज त्याला वळसा घालून जायचे. तिरक्या नजरेनं बघायचे, ते मी पाहिलंय. पण एक शब्द नाही.

"बोलतील," हे मला म्हणायचे. "पाऊस सरला की जमिनीत लावतो. अण्णा बघतीलच."

पाऊस सरायच्या आत विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून हे गेले.

त्यानंतर अण्णांनी तो डबा पायरीवरून उचलून आपल्या खाटेजवळ नेला. आपल्या तांब्यातलं अर्धं पाणी स्वतः प्यायचे, अर्धं त्याला घालायचे. गावात कुजबुज होतीच. आमच्याच भावकीतला एक जण भेटायला म्हणून आला आणि जाताना झाडाकडं बघून म्हणाला, औषध पाजलेलंच असणार, त्याशिवाय जास्वंद अशी बसते होय? मला वाटलं त्याच्या अंगावर पाण्याची कळशी फेकावी. अण्णा मात्र नुसते झाडाला हात लावून बसून राहिले. ते बघून मला जास्त भीती वाटली.

मग बेंगळुरूकडचे एक नर्सरीवाले आले, नाडगौडा म्हणून. मराठी चांगलं बोलायचे. अण्णांचं नाव ऐकून जास्वंदी बघायला आले होते. खाटेजवळचा डबा बघून खालीच बसले.

"हे जमिनीत केवढं होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," अण्णा म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. ते झाड जमिनीत लावलेलंच नव्हतं.

नाडगौडा म्हणाले, "तुमचा शब्द म्हणजे झालं. तरी माझ्या समाधानासाठी वर्षभर जमिनीत ठेवा, मी पुढच्या वर्षी येऊन बघतो. कमरेखाली राहिलं तर मी लावीन. तुमच्या मुलाच्या नावानं जाईल सगळीकडं, हा माझा शब्द."

म्हणून मी दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली होती. नाव सगळीकडं जाईल म्हणून नव्हे. मला तर फक्त एक हवं होतं, की त्या जमिनीनं एकदा सांगावं, माझा नवरा खोटं बोलला नव्हता.

"मोठं झालं तर मोठं झालं," मी खड्ड्यातून अण्णांना म्हटलं.

"तर तो लबाड ठरंल."

"ते म्हणाले होते अण्णा बघतील. तुम्ही नाही बघणार, तर कोण बघणार?"

अण्णा उठले. मला वाटलं निघून चालले. पण ते घरात जाऊन डबा घेऊन आले. मी पत्रा कापून झाड बाहेर काढलं. मुळ्या डब्याच्या आकारात वेटोळी घालून बसल्या होत्या, माती दिसतच नव्हती. मी बोटांनी त्या मोकळ्या केल्या, अण्णांनी झाड धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून माती लोटली. यांनी ते करायचं होतं. माझे डोळे भरून आले, अण्णांनी पाहिलं आणि पाणी आणायला म्हणून विहिरीकडं गेले.

झाडानं जीव धरला. थंडी गेली, उन्हाळा गेला, पावसाळा लागला. जास्वंद पसरली, भरली, दाट झाली, पण उंची तीच. फुलं तर इतकी, की सकाळी अंगण उजळल्यासारखं वाटायचं. मी रोज कामाच्या आधी तिच्यापुढं जाऊन उभी राहायची. भावकीतल्या त्या माणसाला तर मी मुद्दाम बोलावून आणलं. "बघा भाऊजी, कमरेला लागतीय का? की तुमची कंबर मोजायची?" तो ओशाळून हसला. त्या दिवशी मला मोठमोठ्यानं गाणं म्हणावंसं वाटलं. माणूस गेलेल्या घरात कुठलं गाणं, पण वाटलं खरं.

अण्णा तेवढे खुलेनात. मी म्हणायची, "अण्णा, बघितलंत ना? राहिलीय का नाही?" तर ते "व्हय" म्हणून दुसरीकडं बघायचे. त्यांना वाईट वाटत असेल, मी समजायची. पोरगं खरं ठरलं आणि ते बघायला तेच नाही, म्हणून. टेम्पोतून हडपसरला रोपं न्यायची असली की आधी ते स्वतः जायचे. त्या पावसाळ्यात मात्र दर वेळी मलाच पाठवायला लागले. "जा तू, तेवढाच तुला बदल." मला बरं वाटायचं. सासरा असा लाभला म्हणून मी टेम्पोवाल्याजवळ कौतुकही करायची.

नाडगौडांचा निरोप आला की येतोय. मी झाड स्वच्छ करायला बसले. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण फार, कापसासारखा फांद्यांच्या बेचक्यात बसतो. पानं बाजूला सारून बघते तर एका फांदीच्या टोकाला काहीतरी वाळलेलं चिकटलेलं. मी नखानं खरवडलं. कीड नव्हती. शेण होतं.

दुसऱ्या फांदीच्या टोकाला तेच. तिसरीलाही. पानांच्या आत, वरून दिसू नये अशा जागी, प्रत्येक वाढत्या फांदीच्या टोकावर शेणाचा एवढा एवढा ठिपका. एक मी ओल्या फडक्यानं पुसला. खाली काप निघाला. डोळ्याच्या, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, किंचित वर, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला असलेला, एका झटक्यात घेतलेला तिरका काप. आमच्या भागात सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, कापणारे ढीगभर. चाकूनं असा काप घेणारा आणि घेतल्यावर त्याला शेण लावल्याशिवाय पुढं न जाणारा माणूस एकच होता. छाटलेलं झाड उघडं टाकायचं नाही, जखम झाकायची, हे त्यांच्या हाताला लागलेलं. चोरी करतानाही तो हात ते विसरला नव्हता.

मी तशीच उठले. अण्णा विहिरीच्या दगडी थारोळ्याच्या काठावर बसून पाय धूत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. हातात शेणाचं फडकं होतं. त्यांनी फडक्याकडं पाहिलं आणि पाय धुवायचे थांबले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासनं."

"प्रत्येक वेळी? मला हडपसरला पाठवून?"

त्यांनी मान डोलावली.

"अण्णा, अहो तुम्ही? शेजारच्यानं पान तोडलं तरी त्याच्या घरी जाऊन भांडणारे तुम्ही?" माझा आवाज चढला. सासऱ्यांपुढं इतक्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. "मी लोकांना बोलावून आणून दाखवलं! त्या भाऊजींना तोंडावर बोलले! वेडी केलीत मला!"

"शालन, बस."

"मी नाही बसणार."

"बस गं माझी बाय." मी बसले.

"पाऊस पडला आन धुमारे सुटले," ते म्हणाले. "सरळ. बांबूवानी. पहिला बघितला तवा मी तितंच खाली बसलो. मी कुणाला सांगू? तुला? तू रोज सकाळी तिच्याम्होरं हात जोडून उभी ऱ्हायचीस."

"म्हणून कापलंत?"

"मी त्याला लबाड म्हणालो. भर वाफ्यात, माणसांदेखत. त्याच्यानंतर एक शब्द बोललो न्हाई गं त्याच्याशी. तो तसाच गेला." ते उपरण्यानं तोंड पुसत होते, पण डोळे थांबत नव्हते. "आता झाडानं बी त्याला तेच म्हणायचं? मी म्हणालो ते कमी झालं व्हय?"

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. आम्ही दोघं तिथं बसून रडलो. हे गेले तेव्हा असं रडायला झालं नव्हतं, घर माणसांनी भरलेलं होतं.

थोड्या वेळानं मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? पाजलं असेल का त्यांनी?"

"मला ठावं न्हाई." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ठावं नव्हतं म्हणूनच भ्यालो."

"झाडाकडं बघून कळत नाही? तुम्हाला सगळं कळतं."

अण्णा उठले. झाडाजवळ गेले, मीही मागोमाग गेले. त्यांनी पानं बाजूला केली आणि बुंध्याजवळच्या जुन्या लाकडावर बोट ठेवलं. "हे डब्यातलं. तुझ्या नवऱ्याच्या हातचं. पान गळाल्याचं वळ दिसत्यात न्हवं? ह्या वळापासनं त्या वळापर्यंत एक पेर. औषध दिलं आसंल तर ही पेरं आखडल्याली आसणार. पण ह्या झाडाचं मूळचं पेर केवढं, ते कळल्याबिगर आखडलंय का न्हाई ते कसं सांगायचं? एकादा धुमारा मोकळा वाढला पायजे, कुणी हात न लावता. खुडलेल्याची खालची चारदोन पेरं आखूडच ऱ्हात्यात, त्याच्यावरनं काय कळत न्हाई. मोकळा वाढलेला धुमारा घ्यायचा आन ह्याच्याशेजारी धरायचा. मग..."

ते बोलता बोलता थांबले.

"आन तो धुमारा," ते हळू म्हणाले, "मीच वाढू दिला न्हाई."

कमरेचा चाकू त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला. "ठेव कुटंतरी. मी मागितला तरी देऊ नगंस."

नाडगौडा आले. मी चहा ठेवेपर्यंत ते झाडापाशी पोहोचले होते आणि हात कमरेवर ठेवून हसत उभे होते. "अण्णा, कमाल आहे! शब्दाला जागलं झाड."

"झाड जागलं न्हाई," अण्णा म्हणाले. "मी छाटत होतो."

नाडगौडांना वाटलं चेष्टा आहे. अण्णांनी पानं बाजूला करून एकेक काप दाखवला. ते ऐकत गेले, त्यांचं हसू गेलं. चहा मात्र पूर्ण प्यायले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हे सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"तुमच्या जमिनीत लावल्यावर कळलं असतं," मी म्हटलं.

ते मान हलवून गाडीत बसले. परत आले नाहीत. यांचं नाव कुठंच गेलं नाही, आणि आमच्याच तोंडून बातमी गावभर झाली. भावकीतला तो भाऊजी वाकडी वाट करून आला आणि कमरेबद्दल विचारून गेला. मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

झाडाला आता कुणी हात लावत नव्हतं. आणि ते सुटलं. माझ्या कमरेच्या वर गेलं, खांद्याशी आलं. मला दर दिवशी नवा घाव बसायचा. म्हणजे बुटकी नव्हतीच. यांचं म्हणणं खोटंच होतं. आता एवढंच राहिलं होतं की खोटं कसलं, ठकवल्याचं की ठकल्याचं. अण्णा रोज जायचे, लांबून बघायचे, परत यायचे. मी विचारलं की म्हणायचे, "अजून कवळं हाय. पेर पक्कं हू दे."

एका सकाळी मी गोठ्यात शेणकूर करत होते, तर अण्णांनी हाक मारली. गव्हाच्या काडाची एक काडी त्यांच्या हातात होती. झाडाचा शेंडा त्यांच्या डोक्याच्या वर गेला होता. अण्णा मातीत गुडघे टेकून बसले, बुंध्याच्या जुन्या लाकडावर, डब्यातल्या त्या भागावर काडी धरली आणि एका वळापासून दुसऱ्या वळापर्यंत मापून मोडली. मग उठून मोकळ्या धुमाऱ्याच्या मधल्या पेरावर तीच काडी लावली.

मला बघवेना. मी झाडाऐवजी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

त्यांनी काडी खालच्या पेरावर लावली. वरच्या पेरावर लावली. परत बसले, बुंध्याची दुसरी पेरं मापली. परत उठले.

"अण्णा, बोला ना हो!"

"तेवढंच हाय," ते म्हणाले. "शालन, तेवढंच हाय गं. आखडलेलं न्हाई. एक बी न्हाई. थेंबभर बी औषध न्हाई घातलं त्यानं."

"मग डब्यात एवढंसं का राहिलं?"

"डब्यात पेरं कमी धरली, बारकी न्हाई धरली. मुळ्या बघितल्या न्हवत्यास का तू, कशा वेटोळी घालून बसल्या हुत्या? डबा केवढा, झाड केवढं! पाय पसराय जागा न्हाई, कसं वाढंल? आन त्यात फुलं एवढी. त्याला वाटलं झाडच बुटकं हाय. मनापासनं वाटलं त्याला." ते हसत होते आणि रडत होते. "चुकला गं माझा ल्योक. नुसता चुकला. जमिनीत लावलं आसतं तर त्याचं त्यालाच कळलं आसतं. माझ्याजवळ येऊन म्हणाला आसता, अण्णा, चुकलं. मी म्हणालो आसतो, आरं ह्यात काय, माझी किती चुकली..."

त्यांनी तो धुमारा दोन्ही हातांनी धरला आणि कपाळ त्याला टेकवलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्याच्या पाठीवर सुनेनं हात ठेवायची आमच्यात रीत नाही. पण तिथं कोण बघत होतं?

दुपारी मी पुरण घातलं. अण्णांनी पत्र्याची पट्टी कापली, भोक पाडलं, रंगाची डबी उघडली.

"बाजारात ह्याचा काय उपेग न्हाई," ते म्हणाले. "एवढी उंच जास्वंद आजकाल कोन नेतं? पण नाव तर ठेवायचंच. जमिनीतलं वर्स झालंय. सांग नाव."

"मी कसं सांगू?" मी म्हटलं. नवऱ्याचं नाव मी उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. "तुम्ही घ्या."

अण्णांचा ब्रश तसाच हातात. त्या नावाला त्यांच्या तोंडातून जाऊन किती काळ झाला होता ते त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं.

ते उठले आणि झाडाजवळ न थांबता पुढं गेले. मला वाटलं नाही जमत त्यांना. पण ते बांधावर चढले. मुंडासं सारखं केलं, हात तोंडाशी नेला आणि पूर्वी जेवणवेळी द्यायचे तशी, पार हायवेच्या पलीकडं जाईल अशी हाळी दिली.

"श्रीरंगाऽऽ! आरं ये, जेवाया ये!"

शेजारच्या वाफ्यातल्या बाया काम टाकून उभ्या राहिल्या. अण्णा तिथंच थांबले होते, ऐकत असल्यासारखे. मी पदरानं डोळे पुसले आणि घरात जाऊन तीन ताटं वाढली.